बेचाळीस घरांची यादी

धान कापणीला आलं की पवनीच्या हवेत एक वास उतरतो. नुसता धानाचा म्हणावा तर तो तसा नसतो. त्यात धानाच्या काड्यांची ओली तणस असते, बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या वाफ्यांमध्ये, आटत चाललेल्या पाण्याचा चिखलट वास असतो, आणि आमच्या छापखान्यापुरतं बोलायचं तर रोलर पुसायचं रॉकेल आणि शाईही असते. आमच्याकडे कापणी आणि लग्नपत्रिका जोडीनंच येतात. शेतात कापलेल्या धानाचे पुंजणे रचले जातात आणि तुळशीचं लग्न लागलं की छापखान्याच्या पायरीवर पिशवीत घडी घातलेला मजकूर घेऊन माणसं यायला लागतात. मुलीचे वडील महिनाभर आधी येतात आणि चार वेळा प्रूफ तपासतात. मुलाचे वडील आठ दिवस आधी येतात आणि वर घाई करतात. इतक्या वर्षांत यात काही फरक पडलेला मी पाहिला नाही.

यंदा मात्र पायरीवर फारसं कुणी येत नाही. मजकूर मोबाइलवर येतो, प्रूफ मोबाइलवर जातं आणि पसंत असलं की एक अंगठा येतो. परवा दुपारी चिचटोल्याच्या एका लग्नाची ऑर्डर आली तेव्हा मी दारात खुर्ची टाकून उन्हाला बसले होते. तिथूनच, उठायचीही गरज न पडता, फोनवर चिचटोल्याची गावयादी उघडली. एकेचाळीस नावं. ती बेचाळीस असायला हवीत. दर कापणीला ही यादी उघडते आणि दर कापणीला पुन्हा मोजते. मग त्या वर्षाची कापणी आठवते, ज्या वर्षी आम्ही छापखाना क्लाउडवर नेला.

छापखाना क्लाउडवर नेला म्हणजे काय, हे मला समजावताना वैशालीच्या तोंडाला फेस आला होता. वैशाली शहापूरची. नागपुरात कॉम्प्युटरची नोकरी करायची, सासू आजारी पडली म्हणून घरी परतली, आणि मग भंडाऱ्यातली दुकानं, दवाखाने, भातगिरण्या असं करत सगळ्यांच्या फायली क्लाउडवर नेऊन देण्याचं काम तिनं सुरू केलं. मी तिला विचारलं, "मशीन इथंच राहणार, कागद इथंच राहणार, मीबी इथंच राहणार. मंग जाऊन काय राहिलं?"

"फायली, काकू. मशीन जळलं, चोरीले गेलं, तरी फायली राह्यतात. तुम्ही कुठूनबी उघडा."

"मले कुठून उघडाची आहे? मी तं इथंच बसतो दिवसभर."

ती हसली, पण तिचं खरं होतं. मागच्या खोलीतला प्रभाकरचा कॉम्प्युटर शेवटच्या घटका मोजत होता. सुरू केला की आतून कट् कट् असा आवाज यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. प्रभाकर म्हणजे माझा नवरा. आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत आणि बोलताना मीही घेत नाही. लिहायला हरकत नसावी. तो जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. पुढच्या काउंटरवर मी नवा कॉम्प्युटर घेतला होता आणि नवी कामं त्याच्यावर करत होते. मागच्या खोलीत जाणं मी टाळायचे. त्याच्या खुर्चीवरची गादी एका बाजूला दबलेली होती, तो तसा तिरपा बसायचा म्हणून. ती सरळ करायला माझा हात होत नव्हता.

पण जुन्या सगळ्या पत्रिका त्या मागच्या कॉम्प्युटरमध्ये होत्या. साठ-सत्तर गावांची फोल्डरं. आणि प्रभाकरची फायलींना नावं ठेवायची रीत अशी, की नवरा-नवरीशी तिचा काही संबंध नाही. मजकूर घेऊन जो माणूस आला, त्याचं जे लक्षात राहिलं ते फायलीचं नाव. 'निळी छत्री.' 'भांडखोर मामा.' 'भांडखोर मामा पुन्हा.' 'चहा नको म्हणणारे.' 'मुलीला विचारलं नाही.' वैशाली मागच्या खोलीत बसून एकेक नाव मोठ्यानं वाचायची आणि हसायची. मी बाहेर कागद कापत असायचे. तिच्या तोंडून त्याचे शेरे ऐकू यायचे आणि मला वाटायचं, हा अजून आत बसून गिऱ्हाइकांची टवाळी करतो आहे. एकदा मी आतल्यासाठी म्हणून दोन कप चहा केला. वैशाली तर चहा पीतच नव्हती.

त्याच्या चुकाही तिथं शाबूत होत्या. गोंदिया वेगळा जिल्हा झाला तेव्हा त्यानं बसल्या बैठकीला पत्ते बदलले होते, आणि त्या झपाट्यात माझं माहेरही गोंदिया जिल्ह्यात टाकलं होतं. माझं माहेर सिहोऱ्याचं, तुमसर तालुका, आमच्या भंडाऱ्यातच राहिलेलं. माझ्या वडिलांनी घरबसल्या जिल्हा बदललेला पाहून पत्रिकाच परत पाठवली होती. ती फाईलही निघाली. नाव होतं 'सासरे रागावले.'

तीन आठवडे चाललं ते काम. इंटरनेट म्हणजे आमच्याकडे बोअरच्या पाण्यासारखं, लागलं तर लागलं. बाहेर कापणी ऐन भरात. रस्त्यावरून पेंढ्यांनी भरलेली ट्रॅक्टरं जायची आणि मागे तणसाची काडी-काडी सांडत जायची. ती वाऱ्यानं आत यायची, कागदावर बसायची, छापताना शाईत चिकटायची. आत पडद्यावर एक हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकायची. वैशाली म्हणायची, "काकू, आता कोंढा गेलं. आता अड्याळ जाऊन राहिलं." एकेक गाव जात होतं आणि मी दारात उभी राहून बघत होते. गावं जाताना पाहण्याची मला सवय होती. चिचटोला मी जाताना पाहिलं होतं.

चिचटोला माझं सासर. वैनगंगेच्या काठचं बेचाळीस घरांचं गाव. मारोतीपासून निघालेली एकच वाट, ती वळत वळत बोडीपर्यंत जायची. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. घरं त्या वाटेनं एकामागं एक. लग्न होऊन मी त्या गावात गेले आणि गोसीखुर्दच्या धरणाचं पाणी येईपर्यंत तिथंच राहिले. प्रभाकर रोज मोटारसायकलनं पवनीला छापखान्यात यायचा. मग गाव उठलं. वर सडकेच्या बाजूला नवं चिचटोला वसलं, नाव तेच ठेवलं. मारोतीची मूर्ती वाजतगाजत वर नेली. घरांच्या जागा चिठ्ठ्या टाकून मिळाल्या, त्यामुळं जो बोडीपाशी राहायचा तो सडकेपाशी आला आणि जन्माचे शेजारी गावाच्या दोन टोकांना गेले. आम्ही वर राहायला गेलोच नाही, पवनीत छापखान्याच्या मागे राहिलो.

या गावाची पत्रिकेची एक रीत होती. लग्न कुणाच्याही घरचं असो, आतल्या पानावर 'समस्त चिचटोला ग्रामवासी' म्हणून प्रत्येक घरच्या वडीलधाऱ्याचं नाव छापायचं. आणि नावं मोठेपणानं लावायची नाहीत, घरांच्या क्रमानं लावायची. पहिलं नाव मारोतीजवळच्या घराचं, बेचाळिसावं बोडीजवळच्या घराचं. माणूस गेला असला तर नावाआधी 'स्व.' लागायचं, पण नाव हलायचं नाही. गाव बुडाल्यावरही प्रभाकर ती यादी जुन्याच क्रमानं छापत राहिला. घरं पाण्याखाली गेली आणि त्यांची रांग त्या एका फायलीत राहिली. फायलीला त्यानं कधी नव्हे ते साधं नाव दिलं होतं, 'गावयादी'. प्रत्येक पत्रिकेच्या वेळी तो ती एकच फाईल घ्यायचा आणि आतल्या पानाला जोडायचा.

आता चूक सांगते. तो गेल्यावर एका लग्नासाठी मी काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर चिचटोल्याचं नवं फोल्डर केलं होतं. घाईत होते, मागच्या खोलीत जायचं नव्हतं, म्हणून नव्या गावातल्या प्लॉटच्या नंबरानं नावं लिहून काढली. तिलाही नाव दिलं 'गावयादी'. वैशालीनं पुढचा कॉम्प्युटर आधी चढवला होता. मागच्याची पाळी आली तेव्हा पडद्यावर प्रश्न आला. तिनं आतून विचारलं, "काकू, चिचटोला दोनदा आहे. सेम नाव. गावयादीबी दोन हायेत. कोणती ठेवू, जुनी का नवी?"

मी मशीनवर होते. हात शाईचे होते. म्हटलं, "नवी."

एवढंच. दोन गावांना एक नाव असेल तर कोणतं ठेवायचं, याचं उत्तर मी मागे वळूनही न बघता दिलं. जुनी यादी वर गेलीच नाही. चार दिवसांनी मागचा कॉम्प्युटर सुरू होताना कट् झालं आणि मग दुसरं कट् झालं नाही. नागपूरच्या दुरुस्तीवाल्यानं आतली तबकडी उघडून दाखवली, तिच्यावर गोल ओरखडे होते. तो म्हणाला, "बाकी सब तो आपका ऊपर चला गया ना, फिर क्या टेन्शन?" बाकी सगळं खरंच गेलं होतं. भांडखोर मामासुद्धा सुखरूप होते.

मला तेव्हा त्याचं काही फार वाटलं नाही, हे कबूल करते. वाटलं ते आठ दिवसांनी, सोनाकाकी आली तेव्हा. सोनाकाकी प्रभाकरची चुलती, पंच्याहत्तरीची, काटक, बोलायला तिखट. नव्या चिचटोल्याहून बसनं आली होती, साडीच्या ओच्याला धानाची कुसं चिकटलेली. नातीचं, रूपालीचं लग्न ठरलं होतं.

"गावयादी जुनीच पाह्यजे मले," ती बसायच्या आधीच म्हणाली. "मांगच्या खेपेले तू का करून ठेवलं होतं ते? प्लॉट नंबर एक, प्लॉट नंबर दोन. मारोती का प्लॉट नंबर वाचते?"

तिला ती यादी कशाला हवी होती ते मला माहीत होतं. पहिली पत्रिका गावच्या मारोतीला द्यायची असते. मूर्ती वर गेली तरी सोनाकाकीच्या पिढीच्या लेखी जागा खालीच होती. म्हणून ही माणसं डोंग्यात बसून पाण्यात जायची, जिथं मारोतीचा पार होता त्या अंदाजानं थांबायची, हळदकुंकू वाहून पत्रिका दगडाला बांधून सोडायची. आणि मग डोंगा हळूहळू बोडीच्या दिशेनं न्यायचा आणि एकेका घराच्या जागी थांबून यादीतलं नाव वाचून आवतण द्यायचं. त्या घरात जे गेले, जे तिथंच जन्मले आणि मेले, त्यांना. क्रम चुकला तर आवतण चुकीच्या घरी जाणार. एखादं नाव राहिलं तर ते घर वगळलं जाणार.

मी तिला सांगितलं की यादी गेली.

"गेली म्हंजे? कुठं गेली?"

"मिटली, काकी. माझ्या हातानं."

ती म्हणाली, "पयलेच बुडालं होतं, बाई. दुसऱ्यांदा तूनं बुडवलं." ती रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

जुनी एखादी पत्रिका कुणाच्या घरी सापडेल म्हणून चार गावं विचारून पाहिली. पण पत्रिकेवर गणपती असतो, ती कुणी रद्दीत टाकत नाही, लग्न झालं की नदीत सोडतात. आम्ही नमुना म्हणून ठेवायचो ते फक्त वरचं पान. शेवटी काकी म्हणाली, "लिव्ह. मी चालतो, तू लिव्ह." आणि ती डोळे मिटून मारोतीपासून चालायला लागली.

त्या दोन दुपारी मी विसरणार नाही. ती खुर्चीत बसून गावातून चालत होती आणि मी वहीत लिहीत तिच्यामागे चालत होते. डोमाजी, दारात निंब. सीताराम, कुत्रं चावणारं. मग गजाननाचं, ज्याच्या छपरीत पाखरांनी भोकं पाडलेली. ती अडली की मी पुढे व्हायचे, कारण सून म्हणून मी प्रत्येक घरी वाण घेऊन फिरले होते. कुठल्या उंबरठ्याला ठेच लागायची, कुठल्या आडाचं पाणी गोड, कुणाच्या अंगणात पोह्याच्या धानाचा भाजका वास यायचा, सगळं पायांना आठवत होतं. चुरणीच्या दिवसांत बैल गोल फिरायचे आणि त्यांच्या तोंडाला बांधलेल्या मुसक्यांवर भुसा बसायचा, तोही दिसला. मध्येच काकी थांबून हसायची. मध्येच पदर डोळ्यांना लावायची. कितीतरी नावांआधी 'स्व.' लिहिताना माझा हात भरून आला.

सोळावं नाव झालं. ती म्हणाली, "अठरावं तुमचं. लिव्ह, स्व. प्रभाकर." ते लिहायला मला वेळ लागला. माझ्या हातानं मी ते पहिल्यांदाच लिहीत होते. मग मी विचारलं, "सतरावं?"

काकीनं डोळे उघडले. बाहेर बघितलं. "नाही बाप्पा आठवत. तुले?"

मी म्हटलं, "नाही."

दुसऱ्या दिवशी तिचा मुलगा देवाजी आला, त्यालाही विचारलं. त्यानं कानामागं खाजवलं आणि म्हणाला, "बेचाळीस घरं होते हे पक्कं. पन सतरावं... जाऊ द्या न वयनी, एका नावानं का होते?" फोनवर आणखी दोघा-तिघांना विचारलं. कुणालाच आठवेना. यादी एकेचाळिसांची झाली. वैशालीनं शिकवलेलं सगळं वापरून मी ती क्लाउडवर ठेवली, आणि पत्रिका छापल्या.

पाण्यात जाताना काकीनं मला बरोबर घेतलं. सकाळची वेळ होती, थंडी पडायला लागली होती, पाण्यावर धुक्याचा पातळ थर होता. डोंगेवाला अबोल माणूस होता. गावाच्या चिचेचं मोठं झाड वाळून पांढरं पडलं होतं, त्याचा शेंडा पाण्याबाहेर होता आणि त्यावर पाणकावळे बसलेले. तीच खूण धरून डोंगा थांबला. पत्रिका खाली गेली, थोडा वेळ तिचा लाल रंग दिसला, मग दिसेनासा झाला. काकीनं वाचायला सुरुवात केली. नाव घ्यायची, चार अक्षता टाकायची आणि म्हणायची, "रूपालीच्या लग्नाले येजा." पाण्यावर आवाज लांबपर्यंत जात होता. मी खाली बघत नव्हते. बघितलं तर वाट दिसेल असं वाटत होतं.

सोळावं नाव झालं. डोंगेवाल्यानं दोन वल्ही मारली आणि सवयीनं डोंगा थांबवला. इतक्या लग्नांना त्यानं या माणसांना फिरवलं होतं, थांबायच्या जागा त्यालाही पाठ होत्या. काकीच्या मुठीत अक्षता होत्या. ती पाण्याकडे बघत राहिली. तिचे ओठ हलले. मी तिच्या तोंडाकडे बघत होते आणि मला दिसलं, की नाव तिच्या ओठांपर्यंत आलं आहे. तिनं मूठ उघडली नाही. म्हणाली, "चाल पुढं."

पुढची जागा आमच्या घराची होती. मी ऐकलं, "प्रभाकर, रूपालीच्या लग्नाले येजो." आणि त्या क्षणी नवऱ्यासाठी रडायचं सोडून मी दुसऱ्याच गोष्टीनं रडत होते.

काठावर उतरल्यावर मी तिला म्हटलं, "काकी, तुमाले आठवते."

ती साडीचा ओला काठ पिळत होती. वर न बघता म्हणाली, "अन् तुले नाही आठवत? भिंतीले भिंत होती तुमची."

होती. सगळ्यांनाच आठवत होतं. डोंगेवाल्यालासुद्धा.

ते घर भागरताबाईचं. विधवा बाई, एकच मुलगा, सुरेश. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या कापणीला विळा माझ्या बोटात शिरला तेव्हा तिनं बांधीतच बोट तोंडात धरून रक्त थांबवलं होतं. पेंढी कशी आवळायची, तणसाचा पीळ कसा द्यायचा, ते तिनं शिकवलं, माझ्या सासूनं नाही. मग धरणाचं आलं. मारोतीच्या पारावर बसून गावानं ठरवलं, की सगळ्यांना एकत्र जागा मिळाल्याशिवाय कुणी कागदावर सही करायची नाही. त्याच दिवसांत सुरेशच्या किडन्या गेल्या. भागरताबाईनं सही करून मोबदल्याचे पैसे घेतले आणि मुलाला नागपूरच्या दवाखान्यात नेलं. गावात सोनाकाकीच उठून म्हणाली होती, "या घराचं नाव कोनी घेवाचं नाही." कुणी घेतलं नाही. पुढच्या दोन वर्षांत एकेकानं, गुपचूप, सगळ्यांनीच सह्या केल्या. सोनाकाकीनंही केली. आम्हीही केली. ठराव तेवढा मोडायचा राहून गेला.

भागरताबाई गाव सोडून गेली तेही दिवस कापणीचेच होते. तिच्या धानाचा पुंजणा तसाच उभा होता. गाडीत दोन गाठोडी आणि घोंगडीत गुंडाळलेला सुरेश. गावातली सगळी दारं लावलेली. ती माझ्या दाराशी आली. मी आत कडीवर हात ठेवून उभी होते. ती बाहेरून म्हणाली, "सूनबाई, येतो मी." मी श्वास धरून उभी राहिले. तिला माझे पाय दाराखालच्या फटीतून दिसत असणार. ती थोडी थांबली आणि गेली. संध्याकाळी प्रभाकर पवनीहून आला, त्याला मी सांगितलं. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

त्यानंतर गावातलं पहिलं लग्न आलं तेव्हा पत्रिकेत सतरावं नाव जागच्या जागी होतं. माणसं भांडायला आली. प्रभाकरनं हात वर केले. "मी का करू? फाईल लॉक हाये. एक नाव काहाडलं तं पुरी यादी मोडते. कॉम्प्युटर आयकतच नाही." कॉम्प्युटरच ऐकत नाही म्हटल्यावर माणसं गप्प बसली. काही जण त्या ओळीवर बॉलपेननं रेघ मारून पत्रिका वाटत. पण दर लग्नाला ते नाव छापलं गेलं आणि पाण्यात दर लग्नाला त्या जागी डोंगा थांबला. नाव कुणी घेत नसे, नुसत्या अक्षता टाकत. त्याची ती थाप मी पंधरा वर्षं हसून ऐकली. त्या थापेआड एक घर उभं होतं, हे मी यादी पुसल्यावर समजून घेतलं. माझ्या प्लॉटच्या यादीत ते घर नव्हतंच. आणि वैशालीनं विचारलं तेव्हा मी 'नवी' एवढ्या पटकन का म्हटलं, हे मी स्वतःला अजून विचारते. हात शाईचे होते, हे खरं. पण ते पुसायला किती वेळ लागतो?

काकीला मी त्या दिवशी काठावर म्हटलं, "तुमी नाव घ्या न, काकी. तुमी घेतलं तं सगळे घेतील."

"मीच सांगतलं होतं न सगळ्याईले," ती म्हणाली. "आता मीच कशी घेऊ, बाई?" पुढच्या वर्षी ती गेली. न घेताच गेली. एकोणतिसाव्या ओळीत तिच्या घरचं नाव आहे, तिथं मी 'स्व. सोनाबाई' लिहिलं.

आता सगळं सोपं झालं आहे. यादी लॉक नाही. दारात, उन्हात बसून, कुणाचीही परवानगी न घेता मी कुठलीही ओळ कुठंही घालू शकते. आणि ते सोपं झाल्यापासून मला दर कापणीला दाराखालच्या फटीतून दिसणारे माझेच पाय दिसतात, बाहेरच्या बाजूनं. धानाचा ट्रॅक्टर गेला की मला वाटतं, गाडी माझ्या दाराशी थांबली. मी उठून कडी काढते. बाहेर कुणी नसतं.

परवा चिचटोल्याची ऑर्डर आली, ती देवाजीच्या मुलाच्या लग्नाची. मी यादी उघडली. सोळाव्या ओळीखाली बोट ठेवलं. तिथं एक बारीक उभी रेघ लुकलुकत राहिली. मी लिहिलं, भागरताबाई. वीस वर्षं मी ते नाव तोंडानं घेतलं नव्हतं आणि हातानं कधी लिहिलंच नव्हतं. प्रूफ देवाजीला पाठवलं आणि फोन मांडीवर ठेवून बसले. अंगठा आला नाही. थोड्या वेळानं फोन वाजला.

"वयनी, हे सतरावं नाव..."

प्रभाकरची थाप माझ्या तोंडावर आली होती. ती आता चालणार नव्हती, देवाजीच्या मुलानंच त्याला यादी फोनवर कशी बदलते ते दाखवलेलं. मी म्हटलं, "मीनं लिवलं."

पलीकडे मळणीयंत्र चालू होतं. ते कुणीतरी बंद केलं. मला वाटलं, आता भांडेल. मग तो हळू आवाजात म्हणाला, "नावाच्या आंधी काई लावलं नाही तुमी. श्रीमती लावाचं का स्वर्गीय?"

मी म्हटलं, "मले नाही माहीत, भाऊ. तुमाले?"

"नाही," तो म्हणाला. "कोनालेच नाही माहीत."

पत्रिका आज छापून झाल्या. सतराव्या ओळीत नुसतं नाव आहे.